शिक्का मारण्याआधी तारीख विचारा

दिल्लीतल्या टीव्ही चर्चेत कुणी म्हणालं की ‘निर्णय नागपुरात झाला’, तर पुढचं सांगावं लागत नाही. महाल, रेशीमबाग, संघ. गावाचं नावच शिक्का होऊन बसलंय. पण १९५९ मधल्या राजकीय वादात ‘नागपूर’ हा शब्द नेमका उलट्या बाजूला सापडतो. त्या जानेवारीत काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला, आणि विरोधकांच्या तोंडी ‘नागपूर ठराव’ म्हणजे नेहरूंचा समाजवाद, कास्तकाराच्या सातबाऱ्यावर आलेलं संकट. आणखी मागे गेलं तर १९२० चं नागपूर म्हणजे गांधींचा असहकार. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर लाखो घरांत नागपूर म्हणजे दीक्षाभूमी. वर्षभरात, ३ ऑक्टोबर १९५७ ला, रिपब्लिकन पक्षही याच शहरात स्थापन झाला. विजयादशमीला रेशीमबागेत संघाचा उत्सव असतो आणि त्याच दिवशी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी असते. एका शब्दाचे चार अर्थ, चारही खरे, आणि कुठला घ्यायचा ते साल सांगितल्याशिवाय ठरत नाही.

राजकीय शिक्क्यांचं सगळं असंच आहे. ते वापरूच नका, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मला तो सल्ला पटत नाही. डावे, उजवे, समाजवादी, हिंदुत्ववादी, आंबेडकरवादी हे शब्द काढून टाकले तर राजकारणावर दोन वाक्यं बोलणं मुश्कील. शिक्का कामाचा असतो, पण तो कुठल्या प्रश्नावरचा आणि कधीचा हे सोबत सांगितलं तरच. नुसता माणसाच्या कपाळावर मारला की त्यातून काही कळत नाही, फक्त मारणाऱ्याचा राग कळतो.

डावे-उजवे हे शब्दही असेच एका प्रश्नातून आले. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला कायदा अडवण्याचा अधिकार असावा की नाही यावर वाद चालू होता. असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसू लागले, नसावा म्हणणारे डावीकडे. प्रश्न गेला, राजाही गेला, खुर्च्यांची दिशा तेवढी उरली.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण जहाल आणि मवाळ. काँग्रेसचं १९०७ चं अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं. पण इथल्या स्वागत समितीतच दोन्ही गटांची जुंपली, नागपुरात टिळकांचं बळ जास्त आहे हे मवाळांनी ओळखलं आणि अधिवेशन सुरतेला हलवलं. तिथे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात सहसा नसतं ते त्याच वर्षीच्या जानेवारीतलं टिळकांचं कलकत्त्याचं भाषण. हे दोन्ही शब्द काळाशी बांधलेले आहेत, आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील आणि आजचे मवाळ काल जहालच होते, असं टिळकांनी तिथे स्वच्छ सांगितलं. ज्या माणसाला ‘जहाल’ ही पदवी चिकटली त्यानेच पदवीची मुदतही सांगून ठेवली.

ती मुदत विदर्भातच संपलेली दिसते. १९२० च्या डिसेंबरात गांधींनी नागपुरात असहकाराचा कार्यक्रम मंजूर करून घेतला तेव्हा कौन्सिलांवरचा, म्हणजे विधिमंडळांवरचा, बहिष्कार अनेक टिळकपंथीयांच्या गळी उतरत नव्हता. पुढे १९२५ मध्ये मध्य प्रांताच्या कौन्सिलचे अध्यक्ष, सरकारी पद न घेण्याचं धोरण असलेल्या स्वराज्य पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे, यांनी सरकारच्या कार्यकारी मंडळातली जागा घेतली आणि पक्षात भूकंप झाला. त्यातून जयकर, केळकर, नागपूरचे डॉ. मुंजे आणि यवतमाळचे बापूजी अणे यांचा प्रतियोगी सहकारितेचा गट उभा राहिला: सरकार जेवढं देईल तेवढं घ्या, उरलेल्यासाठी भांडा. १९०७ च्या मोजपट्टीवर मुंजे जहाल. १९२६ मध्ये त्याच माणसाला गांधींचे अनुयायी मवाळ म्हणू शकत होते. मुंज्यांचा स्वभाव एकोणीस वर्षांत पालटला नव्हता, समोरचा प्रश्न पालटला होता.

अण्यांची गंमत तर त्याहून मोठी. टिळकांचे अनुयायी, मग प्रतियोगी सहकारितावाले, १९३० मध्ये सविनय कायदेभंगात, १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, १९४१ मध्ये थेट व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, १९४३ मध्ये गांधींच्या उपोषणाच्या प्रश्नावर तिथून राजीनामा, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल, आणि १९६२ मध्ये वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर नागपुरातून अपक्ष खासदार. या माणसाला एक शिक्का द्या बरं. ‘काँग्रेसी’ म्हणाल तर व्हाइसरॉयचं मंडळ आडवं येतं, ‘सरकारधार्जिणा’ म्हणाल तर तुरुंग आडवा येतो. पण ‘१९२६ मध्ये कौन्सिलप्रवेशाच्या प्रश्नावर प्रतियोगी सहकारितावादी’ आणि ‘१९६२ मध्ये राज्यरचनेच्या प्रश्नावर विदर्भवादी’ ही दोन्ही वाक्यं शंभर टक्के बरोबर आहेत, आणि त्यांतून माहितीही मिळते. शिक्का लिहिण्याची योग्य रीत ती.

ठराव वाचला की काय दिसतं

नागपूर ठरावाकडे परत येतो, कारण शिक्का आणि मजकूर यांतलं अंतर मोजायला इतका चांगला नमुना दुसरा नाही. विरोधकांनी त्याला साम्यवादी म्हटलं. रशिया-चीनमधल्या सामूहिक शेतीची भीती घातली गेली. ठरावाचा मजकूर असा होता: भावी शेतीची रचना सहकारी संयुक्त शेतीची असावी; जमीन कसण्यापुरती एकत्र करावी; मालकी शेतकऱ्याकडेच राहावी; निव्वळ उत्पन्नातला वाटा जमिनीच्या प्रमाणात मिळावा; जमीन असो वा नसो, प्रत्यक्ष राबणाऱ्याला कामाच्या प्रमाणात वाटा मिळावा. त्याआधीची पायरी म्हणून तीन वर्षांत देशभर सेवा सहकारी संस्था काढाव्यात. शिवाय जमीनधारणेची कमाल मर्यादा ठरवणारे कायदे १९५९ च्या अखेरीपर्यंत व्हावेत.

‘मालकी शेतकऱ्याकडेच’ हे कलम ‘साम्यवादी’ या शिक्क्यात बसत नाही. पण म्हणून विरोधक खोटं बोलत होते असंही नाही. त्यांचा युक्तिवाद परिणामाबद्दलचा होता: जमीन एकदा एकत्र झाली की बांध जातो, बांध गेला की मालकी कागदावर उरते, आणि बाहेर पडायचं म्हटलं तर आपला तुकडा नेमका कुठला हे कोण सांगणार? हा आक्षेप वजनदार आहे. सातबारा बघणाऱ्या कुणालाही तो लगेच पटेल. काँग्रेसमध्ये राहूनच चरणसिंगांनी ठरावाला विरोध केला तो याच धाटणीचा होता. वाद या आक्षेपावर व्हायला हवा होता. बहुतेक वेळ तो ‘साम्यवादी आहे की नाही’ यावर गेला. शिक्क्याने होणारं खरं नुकसान हे असं असतं. अपमान लोक पचवतात. पण वाद चुकीच्या वाक्यावर सरकतो आणि ज्याच्यावर बोलायला हवं ते तसंच पडून राहतं.

ठरावाला उत्तर म्हणून त्याच साली राजाजी, रंगा आणि मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. त्याला उलटा शिक्का बसला: संस्थानिक आणि भांडवलदारांचा पक्ष. संस्थानिक त्यात होते हे खरं, पण रंगा हे आयुष्यभर किसान चळवळीत घालवलेले नेते. १९६२ मध्ये लोकसभेत १८ आणि १९६७ मध्ये ४४ जागा नुसत्या राजवाड्यांच्या जोरावर येत नाहीत. आणि ‘चरणसिंग उजवे’ असं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात आहे का? विरोध तोच, ठराव तोच, पण एकाला शेतकरी नेता म्हणायचं आणि दुसऱ्याला भांडवलदारांचा माणूस.

कायद्यानं शिक्का दिला तर तो पक्का होईल, असं वाटू शकतं. उलट घडतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मधलं कलम २९-अ बघा. पक्ष स्थापन झाल्यापासून ३० दिवसांत निवडणूक आयोगाकडे नोंदणीचा अर्ज द्यायचा, आणि सोबतच्या पक्षघटनेत राज्यघटनेशी तसंच समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहिलेली असलीच पाहिजे. ही अट १९८९ पासून आहे. म्हणजे आज देशातला प्रत्येक नोंदणीकृत पक्ष कागदावर समाजवादी आहे. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या पक्षालाही नोंदणीसाठी हे लिहावंच लागतं. भाजपच्या पक्षघटनेतही हे शब्द आहेत, आणि १९८० मध्ये स्थापनेच्या वेळी तर त्या पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ हे सूत्र स्वतःहून स्वीकारलं होतं. जो शिक्का सगळ्यांना लागतो त्याने कुणीच ओळखू येत नाही. पक्षघटना दाखवून ‘बघा, हे समाजवादी’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की मग नोंदणीकृत पक्षांत समाजवादी नसलेला कोण?

चोर बीटी: इथे शिक्का पार फसतो

विदर्भातला कुठलाही कास्तकार सांगेल, कापसात सगळ्यात जास्त पैसा जातो तो निंदणात आणि वेचाईत. बोंडअळीला तोंड देणारं बीटी बियाणं २००२ पासून अधिकृत आहे. तणनाशक सहन करणारं एचटीबीटी मात्र मंजूर नाही, तरी ते मिळतं, लावलं जातं, आणि बाजारात त्याचं नाव ‘चोर बीटी’. सरळ बियाण्यात निंदणाला मजूर लागतात, ते ऐन वेळी मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. एचटीबीटीत तणनाशकाची फवारणी केली की तण जळतं, पीक राहतं. हा झाला फायद्याचा हिशेब. तोट्याच्या बाजूला बिलाशिवाय घेतलेलं बियाणं, उगवलं नाही तर दाद मागायची सोय नाही, शेजारच्या शेतावर तणनाशकाचे तुषार, आणि तण हळूहळू त्या औषधाला दाद देईनासं होण्याचा धोका.

आता बाजू मोजा. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने जाहीरपणे हे बियाणं पेरून कायदेभंग केला. तंत्रज्ञान निवडण्याचं आणि बाजारात विकण्याचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवं, ही शरद जोशींपासूनची त्यांची भूमिका. आर्थिक अर्थानं ती उजवी. आंदोलनाची तऱ्हा मात्र रस्त्यावरची, जी आपण डाव्यांची समजतो. विरोधात कोण? पर्यावरणवादी आणि डावीकडच्या शेतकरी संघटना हे अपेक्षितच. पण त्यांच्याच रांगेत जनुकीय पिकांना विरोध करणारे स्वदेशी जागरण मंच आणि भारतीय किसान संघ, म्हणजे संघपरिवारातल्या संघटना. ‘उजव्यांचं मत काय’ असा प्रश्न इथे विचारला तर उत्तर येतं: होही आणि नाहीही.

हे अपवादानं होत नाही. सरकारी कंपन्या विकायला भारतीय मजदूर संघाचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे. ती संघटना १९५५ मध्ये उभी करणारे दत्तोपंत ठेंगडी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. खाजगीकरणाच्या प्रश्नावर त्यांची पत्रकं आणि लाल बावट्याची पत्रकं शेजारी ठेवली तर मागण्यांत फारसा फरक सापडत नाही. फरक सापडतो तो कारणं देताना. एक म्हणतो राष्ट्राची संपत्ती, दुसरा म्हणतो कामगाराची.

तर मग काय करायचं? एकच पट्टी सोडून तीन-चार पट्ट्या घ्यायच्या. बाजारात सरकारनं किती हात घालावा ही पहिली. समाजाच्या रूढीत, म्हणजे लग्न, मंदिरप्रवेश, वारसाहक्क यांत, राज्यानं किती हस्तक्षेप करावा ही दुसरी. जात आणि अल्पसंख्याक यांना प्रतिनिधित्वात वेगळा वाटा असावा का ही तिसरी. सत्ता दिल्लीत, मुंबईत की त्याहून खाली असावी ही चौथी. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा या अभ्यासकांनी २०१८ मध्ये मांडलेलं निरीक्षण असं, की भारतात पक्षांमधली खरी दरी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर दिसते. युरोपातली डावी-उजवी आर्थिक रेघ इथे तितकी ठळक नाही. मला हे बरोबर वाटतं, फक्त विदर्भासाठी चौथी पट्टी सोडून चालत नाही. वेगळ्या राज्याच्या प्रश्नावर पक्षांचे शिक्के पार विस्कटतात. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली होती, राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने विदर्भ वेगळा करायची शिफारस केली होती, भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला तसा ठराव केला, तेव्हा मित्रपक्ष असलेली शिवसेना कायम विरोधात, काँग्रेस जिल्ह्यागणिक दुभंगलेली, आणि कम्युनिस्ट संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे. जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचे म्हणून नागपुरातून लोकसभेवर गेले आणि १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे म्हणून. विदर्भवादी दोन्ही वेळा. चौथ्या पट्टीवरचं त्यांचं ठिकाण पक्षाच्या नावापेक्षा जास्त टिकाऊ निघालं.

चार पट्ट्यांवर एका माणसाची जागा लावायला दहा मिनिटं लागतात. प्रत्येक पट्टीवर त्याचं एक ठोस वाक्य किंवा कृती शोधायची, तारखेसकट. सापडली नाही तर ती पट्टी कोरी ठेवायची. कोरी ठेवायला लोकांना फार जड जातं. बाजारावर अमुक बोलतो म्हणजे आरक्षणावर तमुकच बोलत असेल, अशी उडी मारली जाते. १९६४ मध्ये फिलिप कॉन्व्हर्स या अमेरिकन अभ्यासकाने दाखवलं होतं की सर्वसाधारण मतदाराची मतं अशी एकमेकांना बांधलेली नसतात; ती गाठोडी नेते आणि लिहिणारे बांधतात. साठ वर्षं झाली तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर ही उडी रोज मारली जाते.

नेत्यांची मतं मोजायची म्हटली तर अमेरिकेत प्रत्येक सदस्यानं कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं याच्या नोंदी असतात. त्यावरून पूल आणि रोझेन्थाल यांच्या पद्धतीने सदस्याचं ठिकाण आकड्यात काढता येतं. ती पद्धत आपल्याकडे उचलून आणणारे फसतात. १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, मतविभाजन क्वचित. त्यामुळे आमदाराचं मत म्हणजे पक्षाचं मत. त्यातून त्याचा पिंड कळत नाही. आपल्याकडे बघायचं ते तारांकित प्रश्न, अशासकीय विधेयकं, लक्षवेधी सूचना आणि निधी कशावर खर्च केला हे. तिथे पक्षादेश सहसा नसतो.

शिक्का कुठल्या जातीचा

वादात शिक्का पडला की पहिल्यांदा तो चार प्रकारांपैकी कुठला ते ओळखा, कारण प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो. सदस्यत्वाचा शिक्का तपासता येतो, पण कसा ते संघटनेप्रमाणे बदलतं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात आधी साधारण वर्षभर उमेदवार सदस्य, मग पूर्ण सदस्य, वर्गणी, नोंद. संघात पावती फाडून सदस्य व्हायची पद्धतच नाही. शाखेत जातो तो स्वयंसेवक. त्यामुळे ‘तो संघाचा आहे’ याला कागद मिळणार नाही, आणि ‘नाही’ यालाही नाही. तो स्वतः काय सांगतो आणि कुठली जबाबदारी घेतली होती एवढंच हाती लागतं.

दुसरा विचाराचा शिक्का: आंबेडकरवादी, गांधीवादी, हिंदुत्ववादी. याला माणसाचं स्वतःचं लिखाण-बोलणं हवं. आणि यातून पुढची युती ओळखायला जाऊ नका. १९९८ मध्ये काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले: प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले. पुढे आठवले २०११ पासून शिवसेना-भाजपसोबत गेले आणि प्रकाश आंबेडकरांनी वंचित बहुजन आघाडी काढली. चौघेही आंबेडकरवादीच. निळा झेंडा विचार सांगतो, जागावाटप सांगत नाही. ट्रकवर ‘नागपुरी संत्रा’ लिहिलं म्हणून फळ कुठल्या हंगामाचं, आंबिया बहाराचं की मृग बहाराचं, ते कळत नाही, तो प्रश्न अडत्याला वेगळा विचारावाच लागतो.

तिसरा सोबतीचा शिक्का: अमक्याच्या मंचावर गेला, तमक्याशी बोलला. हा सगळ्यात निसरडा. १९७५ च्या आणीबाणीत संघवाले आणि समाजवादी एकाच तुरुंगात होते, १९७७ मध्ये एकाच जनता पक्षात आले; सोबत हा पुरावा धरला तर त्या पिढीतला प्रत्येक जण प्रत्येक गटाचा निघेल. चौथा प्रकार म्हणजे शिवी: भक्त, फुरोगामी, चमचा, अर्बन नक्षल. याला पुरावा मागून उपयोग नाही, कारण बोलणाऱ्याला काही सिद्ध करायचंच नसतं.

गडबड होते ती चौथ्या प्रकारचा शब्द पहिल्या प्रकारचा असल्याच्या थाटात वापरला की. ‘माओवादी’ हा शब्द घ्या. २००४ मध्ये स्थापन झालेला आणि २००९ मध्ये केंद्राने बंदी घातलेला एक विशिष्ट पक्ष आहे. त्याचा सदस्य असणं हा गुन्ह्याचा भाग होऊ शकतो आणि तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो. ‘नक्षल’ त्याहून सैल. त्याला ‘अर्बन’ जोडलं की त्यात कुणीही बसतं. उलट बाजूला ‘फॅसिस्ट’ या शब्दाची हीच गत आहे. इटलीतल्या एका राजवटीचं नाव, पण आपल्याकडे सोसायटीच्या सचिवापर्यंत ते पोचलंय.

कायद्यात शिरलेला शिक्का मात्र चेष्टेवारी नेता येत नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. मूळ मसुद्यात रोख व्यक्ती आणि संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांवर होता. संयुक्त समितीनंतर तो कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांवर आणला गेला. सरकारचं म्हणणं, यामुळे कायद्याची व्याप्ती आवळली गेली. टीकाकारांचं म्हणणं, विचारसरणीचं नाव कायद्यात आलं आणि ‘कडवं’ कुठे सुरू होतं ते कोण ठरवणार. असा मजकूर वाचताना शीर्षक आणि उद्देशिका नंतर वाचा, आधी व्याख्यांचं कलम, मग बंदी घालण्याची प्रक्रिया, सल्लागार मंडळ, मुदत आणि शिक्षा. त्यातही ‘तत्सम’ हा शब्द जिथे येईल तिथे पेन्सिलीने खूण करा. खटले अशाच शब्दांवर चालतात.

चर्चा चालवणाऱ्यांसाठी, मग ती महाविद्यालयाची वादविवाद स्पर्धा असो की वस्तीतला ग्रुप, शिक्क्यांवर सरसकट बंदी हा उपाय चालत नाही. लोक लगेच आडवळणाचे शब्द शोधतात: ‘ते लोक’, ‘तुमच्या पुलापलीकडचे’. शिक्का उघड असलेला बरा. एक नियम पुरतो: शिक्का वापरणाऱ्यानं लगेच पुढच्या वाक्यात भूमिका सांगायची. ‘हे डावे’ म्हणालात, तर कुठल्या प्रश्नावर आणि ते नेमकं काय म्हणाले? सांगता आलं तर शिक्का राहू द्या, नाही आलं तर सूत्रसंचालकानं तो मागे घ्यायला लावायचा. दुसरं, ज्याला शिक्का मारला त्याला तो मान्य आहे का एवढं विचारायचं. ‘हो, मी हिंदुत्ववादी आहे’ किंवा ‘हो, मी मार्क्सवादी आहे’ म्हणणाऱ्याशी वाद पटकन मुद्द्यावर येतो, कारण पहिली वीस मिनिटं वाचतात. तिसरं थोडं कष्टाचं: समोरच्याची भूमिका आपल्या तोंडून अशी मांडायची की तो म्हणेल ‘हो, असंच’. हे स्पर्धेत तीन मिनिटांत जमतं. ग्रुपवर जमत नाही, तिथे वाचायच्या आधी उत्तर टाइप झालेलं असतं.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला मोर्चे निघतात तेव्हा हे सगळं उघड्यावर बघता येतं. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा पोलीस ठरलेल्या ठिकाणी अडवतात, आणि मग शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं. टीव्हीवर झेंडा दिसतो. माहिती निवेदनात असते. जुन्या पेन्शनच्या मोर्चात लाल, भगव्या, निळ्या सगळ्या संघटनांची माणसं एका रांगेत सापडतात, कारण मागणी एका तारखेवर उभी आहे: १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर नोकरीत लागलेल्यांना जुनी योजना नाही. निवेदन हाती आलं तर तीन गोष्टी बघा. ते कुठल्या खात्याच्या मंत्र्याच्या नावे आहे, त्यात कुठल्या शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक दिलाय, आणि पैसा कुठून यावा याबद्दल एखादी ओळ आहे का. वित्त खात्याऐवजी नुसतं ‘मायबाप सरकार’ला उद्देशून असेल, क्रमांक नसेल आणि खर्चाचा उल्लेखही नसेल, तर तो मोर्चा नाराजी दाखवायला आलाय. तिन्ही असतील तर शिष्टमंडळातल्या कुणाला तरी गाठून खर्चाची ओळ कुणी लिहिली ते विचारा. त्या ओळीवरून संघटनेची पहिल्या पट्टीवरची जागा झेंड्यापेक्षा लवकर कळते.